एक ओंबी वाकडी

ज्याच्यावर आपली माया असते त्याचे किस्से आपण विसरून जातो, आणि ज्याच्यावर आपण जळतो त्याचे मात्र तोंडपाठ असतात. माझ्याजवळ प्रकाश वानखेडेचे किती किस्से आहेत ते मोजायला बसलो, तर चहा गार होईल. यावरून काय ते ओळखा!

आम्ही इंदूरचे जुने मिलवाले रविवारी सकाळी बंद गेटासमोरच्या दुकानात पोहे-जलेबी खायला जमतो. कुणीतरी म्हणतंच, "पुराणिकजी, वो वानखेडेवाला सुनाओ." मी थोडे आढेवेढे घेतो आणि मग ऐकवतो. सांगताना सगळ्यांबरोबर हसतो, घरी येऊन चिडतो. बायको म्हणते, "अहो, इतका त्रास होतो तर सांगता कशाला?" आता तिला कसं समजावू, की नाही सांगितलं तर जास्त होतो!

आधी माणसांची ओळख करून देतो. मिलच्या डिझाइन खात्यात आम्ही तिघं होतो. मी सीनियर. बारीक चौकटींच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर, मी फुलं-पानं काढायचो. वानखेडे माझा ज्युनियर. महूचा, वडील फौजेत हवालदार. माझ्या ग्राफची स्वच्छ नक्कल करणं हे त्याचं काम. आणि मालवीयजी त्या नकलेवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचे. याला पंचिंग म्हणतात. ती कार्डं मागावर चढली की माझं फूल कापडात उमटायचं.

वानखेडेला एक खोड होती. कापडाचा तुकडा हातात आला की तो आधी उलटा करायचा आणि मागची बाजू बघत बसायचा. "सर, पुढून तर सगळेच चांगले दिसतात," म्हणायचा, "पीछे काय चाललंय ते बघायला नको?" मी त्याचं नाव ठेवलं 'उलटा वानखेडे'. अख्खी मिल हसायची. तोही हसायचा. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

*

मिलचं गेट बंद झालं तेव्हा प्रत्येकानं आपापल्या स्वभावाप्रमाणे केलं. मालवीयजी युनियनचे, ते धरण्यावर बसले. मी रागाच्या भरात माझे सगळे ग्राफ रद्दीवाल्याला देऊन टाकले आणि घरी बसलो. वानखेडेनं भंवरकुआंला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये नाव घातलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, डोक्यावर चांदी, आणि आजूबाजूला सगळी इंजिनियरिंगच्या पीईटी परीक्षेची तयारी करणारी पोरं!

पहिल्याच दिवशी क्लासच्या मास्तरनं त्याला दारात अडवलं. मास्तर असेल बावीस-तेवीस वर्षांचा. म्हणाला, "अंकलजी, पेरेंट्स बाहर बैठेंगे."

वानखेडे म्हणाला, "पेरेंट्स तो गुज़र गए, सर. एडमिशन मेरा है."

हा किस्सा मी त्या वर्षी इंदूरभर सांगत फिरलो. लोक पोट धरून हसले. दीड वर्षानं तोच मास्तर तुकोगंजमध्ये वानखेडेच्या ऑफिसात नोकरीचा अर्ज घेऊन आला, हा भाग मी शक्यतो गाळतो.

*

ऑफिस म्हणजे काय, तर एका दवाखान्याच्या वरची खोली. दोन कॉम्प्युटर, एक टेलिफोन आणि एक जुनं भरतकामाचं मशीन. जिन्यातच स्पिरिटचा वास यायचा. धंदा असा, की अमेरिकेत टोप्यांवर आणि जॅकेटांवर नावं-चित्रं भरून देणारी छोटी छोटी दुकानं असतात. मशीन त्यांच्याकडे असतं, पण चित्रावरून मशीनला शिकवावं लागतं की सुई आधी कुठं जाईल, टाका आडवा पडेल की तिरपा, खाली अस्तराचे टाके किती. ते शिकवणं म्हणजेही पंचिंगच! फक्त पुठ्ठ्याच्या जागी फाईल. दुकानवाली तिकडे संध्याकाळी चित्र पाठवून झोपायला जाणार, वानखेडे इकडे दिवसभरात काम करून फोनच्या तारेतून परत पाठवणार, आणि ती सकाळी उठून मशीन चालू करणार.

पहिलं मोठं गिऱ्हाईक लिंडाबाई. एका शाळेच्या टीमसाठी टोप्या हव्या होत्या आणि टोपीवर त्यांचं निशाण, बीव्हर नावाचा प्राणी. रविवारी त्यानं ते चित्र दाखवलं, तर मी म्हटलं, "घूस आहे ही. चपट्या शेपटीची." वानखेडेला प्रश्न पडला, की याचे केस कुठल्या बाजूला वळतात? कारण टाका त्याच बाजूला वळायला हवा. तो चित्र घेऊन थेट चिडियाघरात गेला. तिथल्या चौकीदारानं चित्र सरळ करून पाहिलं, उलटं करून पाहिलं आणि सांगितलं, "भिया, ये अपने यहाँ भरती नहीं हुआ."

मग हा माणूस दोन दिवस घराच्या मागच्या नाल्याशी उकिडवा बसून मुंगुसाचे केस बघत होता. तसे टाके टाकले. लिंडाबाईंचं उत्तर आलं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या प्राण्याला कुरवाळावंसं वाटलं.

मी बीव्हर अजून पाहिलेला नाही. पण एखाद्या जनावरावर जळायची माझी ती पहिलीच वेळ.

*

परदेशातून पहिला चेक आला तेव्हा बँकेत एक फॉर्म भरावा लागला. खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, "एक्सपोर्ट किया? क्या माल?"

"टाँके."

"कपड़े पे?"

"कपड़ा उनका."

"धागा?"

"धागा भी उनका."

"मशीन तो तुम्हारी होगी?"

"मशीन भी उनकी."

"तो तुमने भेजा क्या, भिया?"

"सुई कहाँ जाएगी, ये बताया."

बाबूनं पेन खाली ठेवलं आणि वानखेडेला आत मॅनेजरसाहेबांकडे नेलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बराच विचार केला आणि विचारलं, "पैकिंग किसमें की?"

रविवारी पोह्यांवर वानखेडे सांगत होता, "सर, कपड्याला कोटा आहे, कस्टम आहे, जहाज आहे, बंदर आहे. टाक्याला काहीच नाही! आपण फालतूच कापड धाडायच्या मागे होतो. अक्कल तशीच जाते, बिना पैकिंगची." सगळे वा वा करायला लागले. मी म्हटलं, असली कसली निर्यात, हातात धरता येत नाही की तोलता येत नाही! पण खरं सांगतो, त्या दिवशी शेव घ्यायचं मी विसरलो. पोहे तसेच कोरडे खाल्ले.

*

मालवीयजींना मात्र वेगळीच काळजी लागली. सगळा जन्म युनियनमध्ये गेलेला माणूस. एका रविवारी घास हातात तसाच धरून म्हणाले, "वानखेडे, एक बात बता. वहाँ किसी की मिल तो बंद नहीं करवा रहे अपन?"

आमच्यातल्या कुणाला सुचलं नव्हतं ते या माणसाला सुचलं होतं. वानखेडे म्हणाला, "मालूम नहीं. पूछता हूँ." आणि दुसऱ्या दिवशी त्यानं लिंडाबाईंना सरळ विचारलं, की बाई, आमच्यामुळे तुमच्याकडे कुणी घरी तर नाही बसलं?

बाईंनी भलं मोठं पत्र पाठवलं. त्यांच्याकडे पंचिंग करणारे म्हातारबुवा निवृत्त झाले होते, दुसरं कुणी मिळत नव्हतं. मोठ्या फर्मकडून करून घ्यायचं तर दहा-वीस टोप्यांच्या ऑर्डरी परवडत नव्हत्या; शाळा, छोटी दुकानं, सगळ्यांना परत पाठवावं लागायचं. आता त्या ऑर्डरी बाई घेतात. मशीन दिवसभर चालतं म्हणून दोन बायका कामावर ठेवल्या, त्यांतल्या एकीचा नवरा कारखाना बंद पडल्यामुळे घरी होता. शेवटी लिहिलं होतं, की हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नाही.

वानखेडेनं ते हिंदीत वाचून दाखवलं. मालवीयजींनी डोळे पुसले आणि आणखी एक प्लेट पोहे मागवले. प्रश्न मालवीयजींचा, उत्तर बाईंचं, आणि कौतुक कुणाचं? वानखेडेचं! पोस्टमननं पत्र आणून दिलं म्हणून त्याला हार घालायचा, त्यातला प्रकार.

*

आणि मग मी स्वतःच त्याच्याकडे नोकरीला लागलो.

घरी बसून तरी किती बसणार? एका शाळेत चित्रकला शिकवून पाहिली. पोरं माझ्याच कोटावर चित्रकला करायची. एके दिवशी वानखेडे घरी आला. म्हणाला, "सर, कॉम्प्युटर चालवणारे खूप मिळतात. हात नाही मिळत. या ना." मी लगेच हो म्हणून कसं चालेल? मी दोन अटी घातल्या. एक, त्याला सर म्हणणार नाही. दोन, खिडकीजवळची खुर्ची माझी. तो म्हणाला, "सर तर तुम्हीच आहात." हे असं बोलून माणूस तुम्हाला भांडायलाही जागा ठेवत नाही!

तिसरी अट मी ऑफिसात पाऊल टाकल्यावर घातली. प्रत्येक फाईल पाठवण्याआधी ती मशीनवर चालवून, कापडाच्या तुकड्यावर भरून बघायची रीत होती. तो तुकडा स्कॅन करून बाईंना पाठवायचा. मी टेबलावरचा एक तुकडा उचलला. त्यावर कुठल्याशा अमेरिकन कुत्र्याचं नाव भरलेलं होतं, आणि खाली कापड होतं माझं!

मिलमधलं माझं शेवटचं डिझाइन. माळव्याच्या गव्हाच्या ओंब्या, पांढऱ्यावर पांढऱ्या. नमुन्याचं एकच थान, म्हणजे कापडाचा तागा, मागावरून उतरलं आणि त्याच आठवड्यात गेट बंद झालं. मी ते धड पाहिलंही नव्हतं. मिलचं किरकोळ सामान विकायला काढलं तेव्हा वानखेडेनं ते थान उचललं आणि आता त्याची चिंध्यांसारखी कापाकापी चालली होती.

"माझ्या ओंब्यांवर कुत्र्यांची नावं?" मी ओरडलो.

"सर, इतकं सपाट आणि घट्ट कापड दुसरं नाही मिळत," तो म्हणाला. "यावर टाका खोटं बोलत नाही."

मी तिसरी अट घातली, की कुत्र्यांची नावं मी करणार नाही. आणि त्या दिवसापासून ट्रायलच्या तुकड्यांकडे मी आपणहून कधी बघितलं नाही.

*

माझं पहिलं काम होतं आग विझवणाऱ्यांच्या जॅकेटावरचं चिन्ह. मी जीव ओतला. मिलची सवय, कापडात एकही चौकट रिकामी सोडायची नाही! ज्वाळेत ज्वाळा, शिडीवर शिडी, टाक्याला टाका भिडवून. फाईल गेली. चार दिवसांनी बाईंचा मेल आला, मिस्टर पुराणिकना धन्यवाद, फारच सुंदर. मी महिनाभर कॉलर ताठ करून वावरलो. बायकोला तीनदा सांगितलं.

मग एकदा कात्री शोधताना वानखेडेच्या खणात माझा ट्रायलचा तुकडा सापडला. इतके टाके पडले होते, की कापडाचा पत्रा झाला होता. टेबलावर उभा केला तर उभा राहायचा! त्याच्याखाली त्याच चिन्हाचा दुसरा तुकडा होता, मऊसूत. अर्धे टाके काढून वानखेडेनं माझं काम गुपचूप सुधारलं होतं आणि माझ्या नावानं पाठवलं होतं.

मी कुणाला काही बोललो नाही. पण मला सांगा, माणसानं एखादा तरी अवगुण ठेवावा की नाही, शेजारच्याला आधार म्हणून?

*

व्हिसाचा किस्सा छोटा आहे. लिंडाबाईंनी वानखेडेला तिकडे बोलावलं, चार दुकानांत शिकवायला. तो सूट शिवून मुंबईला गेला आणि नकार घेऊन परत आला. म्हणाला, "सर, माझ्या टाक्यांना कुणी थांबवत नाही. मलाच थांबवतात."

मी तोंडानं च्‌ च्‌ केलं. घरी जाऊन भात दोनदा वाढून घेतला. बायकोनं विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, वरण छान झालंय.

*

आता शेवटचा. हा मी पोह्यांवर सांगत नाही.

एके सकाळी बाईंचा मेल आला. टोपीवरचं नाव उत्तम, पण ते सोडा, खालचं कापड कुठलं? इतके दिवस स्कॅनमध्ये बघते आहे. बाईंच्या बहिणीचं टेबलक्लॉथचं दुकान होतं. कापड मिळत नसेल तर नुसतं डिझाइन विकत द्या, तिकडच्या मिलमध्ये विणून घेऊ, आणि कॅटलॉगमध्ये डिझायनरचं नाव छापू.

मी खुर्चीवरून अर्धा उठलो. जन्मभर कापडावर छाप पडला तो मिलचा. माझं नाव कधी एका चिंधीवरसुद्धा आलं नव्हतं. आणि आता अमेरिकेत, छापून! वानखेडेनं उत्तर तयारच ठेवलं होतं: डिझायनर, श्री. डी. जी. पुराणिक, इंदूर. फक्त पाठवायचं बाकी होतं.

पण बाईंच्या मेलमध्ये शेवटी एक ओळ होती. "सगळ्या ओंब्या ताठ आणि सातातली एक वाऱ्यानं वाकलेली, ती मला फार आवडते."

"वाकलेली?" मी म्हटलं. "माझी एकही ओंबी वाकलेली नाही. बाईंना चष्मा लागलाय."

मी खिशातलं धागे मोजायचं भिंग काढलं आणि तो तुकडा पहिल्यांदा नीट पाहिला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सगळ्या ताठ. सातवी वाकडी. पुढच्या सातात पुन्हा सातवी वाकडी. मी तुकडा उलटा केला. हो, मी! मागून तर स्वच्छ दिसत होतं. मागाची चूक नव्हती, कुणीतरी मुद्दाम वाकवली होती.

मालवीयजींना फोन लावला. ते म्हणाले, "भिया, मैंने तो कागज़ देख के छेद किए. कागज़ वानखेडे लाया था."

मी वळलो. वानखेडे खाली मान घालून उभा होता, डिझाइन खात्यात उभा राहायचा तसा.

"का केलंस?"

"सर, शेतात सगळ्या अशा ताठ नसतात ना. मी सोचलं, एक वाकवून बघावी."

"मग मला विचारायचं नाही?"

"विचारलं होतं, सर. तुम्ही म्हणालात, 'उलटा वानखेडे, चहा सांग.'"

मला ते आठवत नव्हतं. पण मी तसं म्हटलं असणार, हे मला पक्कं माहीत होतं.

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. माझं नाव तिथं टाईप केलेलं होतं. एक बटण दाबायचं, बस. वानखेडे काही बोलणार नव्हता, मालवीयजी बोलणार नव्हते आणि बाईंना काही कळणार नव्हतं. मी दहा मिनिटं तसाच बसलो. मग खाली आणखी एक ओळ टाईप केली: 'वाकडी ओंबी, श्री. पी. वानखेडे.' अर्धी प्रामाणिकपणानं. आणि अर्धी, वाकडं काम माझं नाही हे सगळ्यांना कळावं म्हणून!

ग्राफ तर रद्दीत गेला होता. मी भिंग लावून, धागा धागा मोजून, कापडावरून तो पुन्हा काढला. बारा दिवस लागले. सातवी ओंबी वानखेडेनं काढली.

काही महिन्यांनी कॅटलॉग आला. टेबलक्लॉथच्या फोटोखाली दोन्ही ओळी आम्ही लिहिल्या तशाच छापल्या होत्या. बरोबर बाईंची चिठ्ठी होती. दुकानात येणारा प्रत्येक जण बोट ठेवतो ते त्या वाकड्या ओंबीवरच. आणखी डिझाइनं हवी आहेत, आणि मिस्टर वानखेडेंना सांगा, जरा जास्त वाकवा.

मी कॅटलॉग टेबलावर आपटला. "काढ मग तूच! माझं काय काम आहे इथं?"

वानखेडेनं कॅटलॉग उचलला, सवयीनं उलटा करून मागची बाजू पाहिली, आणि म्हणाला, "सर, वाकवायला पहिले ताठ ओंब्या लागतात ना. त्या मला नाही येत. कधीच नाही आल्या. किती ग्राफ फाडले मी घरी."

खाली दवाखान्यात कुणाचं तरी पोर रडत होतं.

"चहा सांगू, सर?" त्यानं विचारलं.

"बस तू," मी म्हटलं. "मी सांगून येतो."

खाली जाऊन दोन सांगितले. त्याला गोड लागतो, हे चांगलं माहीत असून त्याचा फिका सांगितला.